नोटीस, बेदखली आणि राजीनामा : मराठवाड्यातील कूळहक्काचा शब्दांच्या अंगाने विचार

मालकाने जमीन अगर जागा सोडण्याची नोटीस दिली असता कुळाचे कोणते हक्क उरतात, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांच्या कक्षेतला मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे याचे कारण निराळे आहे. नोटिशीविरुद्ध कुळाला अत्यंत भक्कम संरक्षण कायद्याने दिले ते १९५० साली. आणि त्यानंतरच्या अवघ्या चार-पाच वर्षांत, मराठवाडा ज्या राज्याचा तेव्हा भाग होता त्या हैदराबाद राज्यात, कुळे मोठ्या संख्येने जमिनीवरून उठली. त्यांतील नोटिशीने उठलेली कुळे फारच थोडी होती. ही विसंगती कायद्याची कलमे वाचून उलगडत नाही. त्या व्यवहारात जे शब्द वापरले गेले त्यांचा माग काढला, तर ती बरीचशी उलगडते, असे माझे मत आहे. आणि त्या शब्दांत ‘राजीनामा’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे.

या विवेचनासाठी चिकलठाणा डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर, सुखना नदीच्या परिसरात हे गाव आहे. नावातील ‘ठाण’ हा अंश संस्कृत ‘स्थान’ शब्दाचा सरळ वंशज. ‘चिकल’ हा अंश प्राकृत ‘चिक्खल्ल’ व मराठी ‘चिखल’ यांच्याशी जोडण्याचा मोह होतो, परंतु तो विषय येथे लांबवण्याचे कारण नाही. एके काळी बटईच्या शेतीचे असलेले हे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. त्याच्या शिवारात विमानतळ आहे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे, आणि त्या वसाहतीच्या आधाराने वाढलेल्या वस्त्यांत ‘किरायाने’ दिलेल्या खोल्या आहेत. शेताचे कूळ आणि खोलीचा किरायेदार या दोघांचा इतिहास सहसा वेगवेगळ्या ग्रंथांत वाचावा लागतो. येथे तो एकाच मातीवर घडला आहे. अर्थात पुढील निवेदन केवळ या गावापुरते नाही. हैदराबादचा कायदा मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांना सारखाच लागू होता.

प्रथम कुळाला काय म्हणत, ते पाहू. मराठीतील ‘कूळ’ हा शब्द ‘कुल’ म्हणजे कुटुंब यावरून आला. महसुलाच्या भाषेत तो सारा भरणारे एकेक खाते, पुढे ऋणको, आणि अखेर दुसऱ्याची जमीन कसणारा, अशा अर्थांनी सरकत गेला. गावच्या हिशेबनिसाला ‘कुळकर्णी’ म्हणत ते याच कुळांचा लेख त्याच्या हाती असे म्हणून. निजामी राजवटीच्या महसुली दप्तरात मात्र हा शब्द नव्हता. १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याने ज्याच्या नावे जमिनीचा पट्टा तो ‘पट्टेदार’, त्याच्यासह आरंभापासून जमिनीत हक्क असलेला तो ‘शिकमीदार’, आणि लेखी अगर तोंडी कराराने जमीन लागवडीस घेतलेला तो ‘असामी शिकमी’ अशी वर्गवारी केली होती. ‘शिकम’ या फारसी शब्दाचा अर्थ पोट. शिकमी म्हणजे दुसऱ्याच्या खात्याच्या पोटात असलेला. ‘असामी’ हे अरबी ‘इस्म’ म्हणजे नाव या शब्दाचे बहुवचनी रूप. नावे, त्यावरून यादीतील इसम. तेव्हा असामी शिकमी म्हणजे शब्दशः ‘पोटातली नावे’. कुळाचे अस्तित्व दुसऱ्याच्या खात्याच्या पोटात आणि तेही केवळ नावाच्या रूपाने, ही गोष्ट त्या संज्ञेने नकळत अचूक सांगून टाकली होती. कारण पुढे जो काही हक्क मिळाला तो ज्याचे नाव लागले होते त्यालाच मिळाला.

नोटिशीची कल्पना या व्यवहारात मुळात कुळाच्या रक्षणासाठी आली नाही. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७९ च्या जमीन महसूल संहितेने वार्षिक कूळवहिवाट संपवण्यासाठी वर्षअखेरीपूर्वी तीन महिन्यांची लेखी नोटीस आवश्यक केली होती. आणि वर्षअखेर म्हणजे मार्चची ३१ तारीख. यामागील दृष्टी हंगामाची होती. पीक उभे असता कुळाला उठवू नये आणि मालकालाही नवे कूळ शोधण्यास अवकाश मिळावा, एवढाच तिचा हेतू. कारण सांगण्याचे बंधन मालकावर नव्हते. मुदत पाळली की त्याचा अधिकार निरंकुश होता. नोटिशीला मुदत असणे आणि नोटिशीला कारण लागणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. कूळकायद्याच्या इतिहासातील खरी क्रांती दुसऱ्या गोष्टीत आहे, पहिलीत नव्हे; आपल्याकडील विवेचनात या दोहोंची वारंवार गल्लत होते.

हैदराबाद राज्यात ही क्रांती दोन टप्प्यांनी झाली. पहिला टप्पा १३५४ फसलीतील (१९४४-४५) असामी शिकमी कायद्याचा. दुसरा आणि निर्णायक टप्पा सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरचा. तेलंगणातील सशस्त्र उठाव अद्याप शमला नव्हता, ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या होत्या, आणि जमिनीच्या प्रश्नाला हात घालणे राज्यकर्त्यांना टाळता येण्याजोगे नव्हते. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १० जून १९५० रोजी अमलात आला. ज्याने फसली १३४२ ते १३५२ या काळात सलग सहा वर्षे, किंवा १ जानेवारी १९४८ पूर्वीची लगतची सहा वर्षे, किंवा फसली १३५३ च्या आरंभापासून कायदा येईतो पुरी झालेली सहा वर्षे कूळ म्हणून जमीन जातीने कसली, त्याला कलम ३४ ने ‘संरक्षित कूळ’ ठरवले.

नोटिशीसंबंधी या कायद्याची योजना पाहण्यासारखी आहे. कलम १९ प्रमाणे मालकाला कूळवहिवाट संपवता येई ती ठराविक कारणांनीच : खंड मुदतीत न भरणे, जमिनीची कायमची खराबी करणे, तिचे तुकडे पाडणे, ती पोटभाड्याने देणे अगर जातीने न कसणे, आणि शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरणे. यांपैकी कारण असले तरी सहा महिन्यांची लेखी नोटीस हवी, आणि तीत कारण नमूद हवे. खंड थकल्याच्या कारणाने नोटीस दिली असल्यास थकबाकी भरण्यास मुदत देऊन वहिवाट चालू ठेवण्याचा अधिकार तहसीलदाराला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोटिशीची मुदत संपली म्हणून मालकाला शेतात पाऊल टाकता येत नसे. कलम ३२ प्रमाणे ताबा घ्यायचा तो तहसीलदाराच्या हुकमानेच. हुकमावाचून उठवलेल्या कुळाला त्याच कलमाखाली ताबा परत मागता येई. म्हणजे नोटीस हे आता उठवण्याचे साधन न राहता चौकशीचा आरंभ ठरले. जातीने कसण्यासाठी जमीन परत घेण्याची मोकळीक मालकाला होती खरी. १९५४ च्या दुरुस्तीने तिला कौटुंबिक धारणेच्या मापाने सीमाही घातली. ज्या क्षेत्राच्या उत्पन्नातून निम्मा खर्च वजा जाता पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला ८०० रुपये उरतील, ती कौटुंबिक धारणा. परंतु हा मार्गही लेखी नोटीस व अर्ज यांतूनच जाणारा होता.

इतका बंदोबस्त असता काय घडले? उस्मानिया विद्यापीठाच्या वतीने अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांनी हैदराबाद राज्यातील जहागीरदारी-निर्मूलन व जमीनसुधारणांच्या परिणामांची पाहणी केली. ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी चार वर्षांनंतर त्याच हक्काने जमीन कसत असलेली कुळे सुमारे ४५ उरली होती. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली होती. कायदेशीर मार्गाने काढली गेलेली कुळे अडीचच्या आसपास, बेकायदा काढलेली २२, आणि ‘स्वखुशीने’ हक्क सोडून गेलेली १७ ते १८. हे आकडे राज्यातील पाहणीचे आहेत, एका तालुक्याचे नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. नोटीस, कारण, तहसीलदार, हुकूम हा सगळा रस्ता चालून गेलेल्या कुळांच्या सुमारे सोळापट कुळे त्या रस्त्यावर पाऊल न टाकता गेली.

त्या आकड्यांतील दोन गट एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. बेकायदा काढलेली २२ कुळे कायद्याच्या दृष्टीने अजून कूळच होती. त्यांच्या हातून शेत गेले होते, हक्क गेला नव्हता. तहसीलीत जाऊन ताबा मागण्याचा मार्ग, निदान कागदावर, उघडा होता. स्वखुशीने सोडून गेलेल्यांपुढे तोही नव्हता. साहजिकच मालकाचे खरे हित कुळाला हुसकावण्यात नसून, हुसकावल्यानंतर अगर त्याऐवजी त्याच्याकडून ‘मी राजी आहे’ असे लिहून घेण्यात होते. बळाने काढलेले कूळ परत येऊ शकते. अंगठा दिलेले कूळ परत येऊ शकत नाही. नियोजन मंडळानेही दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी अशा स्वेच्छेच्या त्यागाविषयी संशय व्यक्त केला होता. मला त्यात अधिक लक्षणीय वाटते ते हे की, संशय सर्वांना होता आणि तरीही कागद चालत होता.

या कागदाचे नाव ‘राजीनामा’. आज आपण हा शब्द नोकरी अगर मंत्रिपद सोडण्यापुरता वापरतो. त्याचा मूळ अर्थ संमतिपत्र : अरबी ‘राझी’ म्हणजे संतुष्ट, कबूल, आणि फारसी ‘नामा’ म्हणजे लेख. मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात वादी-प्रतिवादी पंचांपुढे जाण्याआधी राजीनामा लिहून देत. पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य, असे त्यात असे. वादात उतरणाऱ्याने आपल्या इच्छेने स्वतःला बांधून घेण्याचा तो लेख होता, आणि दोन्ही पक्ष तो सारखाच देत. इंग्रजी अमलातील रयतवारीत त्याचा अर्थ पालटला. जमीन सोडणारा खातेदार सरकारात राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत देई. ‘राजीनामा-कबुलायत’ ही जोडी महसुली कामकाजात रूढ झाली. येथे राजीनामा एकतर्फी झाला, आणि संमतीचा अर्थ त्यागाकडे झुकला. पण अजूनही तो खातेदार सरकारला देत होता आणि पुष्कळदा विक्रीचाच तो एक भाग असे. तिसऱ्या पायरीवर हाच शब्द कुळाने मालकाला लिहून द्यायच्या कागदाला लागला. देणारा दुर्बल, घेणारा सबळ, आणि लेखाचे नाव मात्र ‘खुशीचा लेख’. भाषेच्या इतिहासात शब्दाचा अर्थ असा उलट होण्याची उदाहरणे विरळ नाहीत. येथे त्या उलटण्याने माणसाचे शेत जात होते, एवढाच फरक.

‘बेदखल’ हा शब्दही या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. ‘दखल’ म्हणजे मुळात प्रवेश, त्यावरून कबजा. उर्दू महसुली लेखनात हा अर्थ टिकला आणि ‘बेदखल’ म्हणजे कबजा गेलेला, असा शब्द आपण घेतला. परंतु सुटा ‘दखल’ शब्द मराठीत निराळ्याच वाटेने गेला. आपण ‘दखल घेतो’ म्हणजे लक्ष देतो, नोंद घेतो. परिणामी मराठी कानाला ‘बेदखल कूळ’ या शब्दांतून जमिनीवरून गेलेले कूळ ऐकू येते, आणि ज्याची कोणी दखल घेतली नाही असे कूळही ऐकू येते. व्युत्पत्तीने दुसरा अर्थ चुकीचा आहे. त्या काळची दप्तरे चाळणाऱ्याला तो सर्वस्वी चुकीचा वाटत नाही.

ती दप्तरे कोणाच्या हाती होती? गावात महसुलाचा माली पटेल आणि लेखणीचा पटवारी, दोघेही वतनदार. शेतात कोण उभा आहे हे वर्षानुवर्षे पाहणीपत्रकात लिहायचे ते पटवाऱ्याने. लिहायचे तेही बहुधा उर्दूत. बटईचा व्यवहार तोंडी ठरे, खळ्यावर धान्याच्या वाट्याने फिटे, पावती क्वचितच मिळे. अशा स्थितीत ‘सलग सहा वर्षे’ ही अट सिद्ध व्हायची ती पटवाऱ्याच्या त्या एका रकान्यातून, आणि तो रकाना ज्याच्याविषयी होता त्या मराठी बोलणाऱ्या कुळाला तो वाचता येत नव्हता. पट्टेदार सधन, पटवारी त्याच्या बैठकीतला, आणि दरवर्षी कूळ एका गटातून दुसऱ्या गटात हलवले की सलगता तुटे. ज्यांचे नाव लागलेच नाही त्यांची गणती खुसरोंच्या शंभरांत मुळी नाहीच, हे ते आकडे वाचताना विसरता कामा नये. पाहणीपत्रके हे मराठवाड्याच्या कृषिइतिहासाचे मोठे साधन आहे. परंतु त्यांत कूळ न दिसणे म्हणजे कूळ नसणे नव्हे, एवढा विवेक संशोधक विद्यार्थ्याने बाळगला पाहिजे.

कायदा करणाऱ्यांना राजीनाम्याचा धोका दिसला नव्हता असे नाही. कलम १९ मध्येच असे होते की, कुळाने हक्क सोडायचा तर तो वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना, लेखी सोडावा. तहसीलदारासमोर त्याने ते कबूल करावे. आणि तो त्याग सद्भावाने होत आहे अशी तहसीलदाराची खात्री पटावी. म्हणजे संमतीचा कागद पुरेसा नाही, संमती तोंडाने वदवून घेतली पाहिजे, आणि ती खरी आहे की नाही हे तिऱ्हाइताने पाहिले पाहिजे. तत्त्व म्हणून ही तरतूद फार मोलाची आहे. मुंबईच्या १९४८ च्या कूळकायद्यातही तशीच योजना होती. तिच्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात असा निर्णय दिला की, त्यागाचा लेख, त्याची पडताळणी आणि तो स्वेच्छेचा असल्याची अधिकाऱ्याची खात्री या बाबी केवळ शिष्टाचाराच्या नसून अनिवार्य आहेत. त्या पाळल्या नसतील तर राजीनामा निष्फळ होय. कुळाला त्यागाचे स्वरूप व परिणाम समजले आहेत की नाही, हे अधिकाऱ्याने पाहिलेच पाहिजे. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु १९५१ ते १९५५ या वर्षांत ज्यांनी अंगठे दिले त्यांच्यापर्यंत तो वीस वर्षे उशिरा पोचला.

मधल्या काळात राज्यच बदलले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये कलम ३८-ई खालील अधिसूचनेने संरक्षित कुळांकडे त्यांच्या वहिवाटीतील जमिनीची मालकी कायद्यानेच संक्रांत झाली. पश्चिम महाराष्ट्रातील कृषकदिन, १ एप्रिल १९५७, हा त्याच वर्षातला. तिकडे जातीने कसण्यासाठी जमीन हवी असलेल्या मालकाने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस द्यायची होती, म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस नोटिशींना उधाण यावे हे स्वाभाविक होते. मराठवाड्यात मात्र पुष्कळसे काम त्याआधीच, नोटिशीवाचून उरकले होते. पुढे चिकलठाण्यासारख्या गावांची जमीन कारखान्यांसाठी व सार्वजनिक कामांसाठी संपादित झाली तेव्हा १९५१ च्या नोंदवहीतील नावाला नवाच अर्थ आला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात भरपाई ‘हितसंबंध असलेल्या व्यक्तीं’ना द्यायची असे, आणि हितसंबंध म्हणजे पुन्हा रकान्यातले नाव. ज्याच्या आजोबाने तहसीलीत न जाता घरच्या ओट्यावर राजीनाम्याला अंगठा दिला, त्याच्या हाती दावा लावण्यापुरताही धागा उरत नसे.

आता खोलीच्या किरायेदाराकडे वळू. मराठवाड्यातील शहरांत घरभाड्याचे नियमन १९५४ च्या हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण अधिनियमाने होई. मुंबईकडे १९४७ चा व विदर्भात १९४९ चा वेगळा आदेश होता. हैदराबादच्या योजनेत घर खाली करून हवे असलेल्या मालकाला भाडेनियंत्रकापुढे अर्ज करून कारण शाबीत करावे लागे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने तर असे ठरवले की, राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्याखाली निष्कासन मागताना मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची वेगळी नोटीस देण्याची गरजच नाही. कारण अशी नोटीस दिल्यानेही भाडेकरूचे संरक्षण संपत नसते. जी नोटीस दिल्याने काही होत नाही ती मागावी कशाला, असा त्यातील सरळ युक्तिवाद.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा तिन्ही विभागांस एकत्र लागू झाला. भाडे थकल्यास प्रथम लेखी मागणीची नोटीस, तीनंतर ९० दिवस. दावा झालाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तीवर वार्षिक १५ टक्के व्याज आणि खर्च भरल्यास ताब्याचा हुकूम होत नाही. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर ती गरज रास्त व प्रामाणिक असली पाहिजे, आणि जागा गेल्याने भाडेकरूचे हाल अधिक होणार नाहीत ना, हेही न्यायालय पाहते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट शाबीत होईतो, ग्राह्य धरले जाते. १९५० च्या कुळाला असे काही मिळाले असते तर पटवाऱ्याच्या रकान्याचे महत्त्व निम्म्याने उतरले असते.

परंतु औद्योगिक वसाहतीच्या आसपास खोली घेणारा माणूस बहुधा या अर्थाने भाडेकरू नसतोच. त्याच्या कागदावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे असते आणि मुदत अकरा महिन्यांची. कायद्याच्या मराठीत तो ‘परवानाधारक’. कलम २४ त्याच्यासाठी आहे : मुदत संपली की त्याने जागा सोडायची, न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाईल आणि परवानाधारकाला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानी द्यावी लागेल. येथे नोटिशीला कारण लागत नाही. मुदत संपल्यावर वेगळ्या नोटिशीचीही गरज नाही, कारण जाण्याची कबुली तो आत येण्याच्या दिवशीच लिहून देतो. मालकाच्या बाजूनेही काही म्हणता येईल. जुन्या मुंबई कायद्यातील गोठलेली भाडी इतकी अवास्तव झाली होती की सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस त्या तरतुदी यापुढे रास्त म्हणता येणार नाहीत असे सांगितले. एकदा दिलेली जागा पुन्हा हाती न येण्याच्या भीतीने घरे कुलपात ठेवणारे मालक सर्वत्र होते. परवान्याची वाट त्या भीतीतून निघाली. शब्दांच्या इतिहासात मात्र परवाना हा राजीनाम्याचाच पुढचा अवतार आहे : संमती शेवटी घेण्याऐवजी आरंभी घेतलेली.

फरक एका ठिकाणी पडतो. कुळाचा राजीनामा तहसीलदारापुढे कबूल व्हावा लागे आणि तो खुशीचा आहे की नाही हे तहसीलदाराने पाहायचे होते. पुष्कळदा ते पाहिले गेले नाही, पण पाहायचे होते. परवान्याचा करार नोंदवताना सही करणारा माणूस तोच आहे ना आणि सही त्यानेच केली ना, हे पाहिले जाते. छायाचित्र व अंगठ्याचा ठसा घेतला जातो. कागदावरील भाषा त्याला समजली का, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही.